पाद्रीबाबांची होडी आणि वीब्रनचा दाखला

माझा नवरा वीब्रन गुन्हेगार आहे, हे नेदरलँड्सच्या फ्रिसलँड प्रांतातल्या आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कारण तो स्वतःच सांगत सुटतो. "मी रेकॉर्डवरचा माणूस," असं म्हणत कॉफी ढवळतो, जसा काही बँक लुटून आलाय. लुटलं काय, तर पाद्रीबाबांची होडी!

नववर्षाच्या रात्री आमच्याकडची तरणी पोरं लोकांच्या अंगणातलं हाताला लागेल ते ओढून नेतात आणि सकाळी मालक शोधत फिरतो. कुणी बाक नेतं, कुणी ढकलगाडी. वीब्रनने होडी नेली आणि फुटबॉल क्लबच्या छपरावर चढवली. होडी काही एकट्याने चढत नाही. दुसरं टोक धरायला कुणीतरी होता, मफलरने तोंड बांधलेला. अंधारात कोण कुणाला ओळखतंय. त्यात छपराची कौलं फुटली आणि वीब्रनचा एक लाकडी बूट वरच राहिला. सकाळी गावचा पोलीस सीबे तो बूट घेऊन दारात हजर. वहीत नाव लिहिलं आणि म्हणाला, "हे आता कायमचं नोंदलं गेलं, वीब्रन. दुसरा कोण होता?" वीब्रनने तोंड उघडलं नाही. ही गोष्ट मी लग्नापासून ऐकतेय. दर वेळी होडी हातभर लांब होते.

नुसती फुशारकी असती तर मी कानात बोळे घालून बसले असते. पण हा शहाणा त्या नोंदीच्या धाकाने कुठे अर्जच करेना. अग्निशमन दलात नाही, शाळेच्या सहलीला सोबत म्हणूनही नाही. आमची लेक बाउक्ये लहान असताना तिच्या फुटबॉल टीमला शिकवायला कुणी मिळेना, तेव्हा हा कुंपणाबाहेर उभा राहून ओरडायचा, "डावीकडे, बाउक्ये, डावीकडे!" आत जा म्हटलं तर म्हणायचा, "नको, माझे कागद तपासतील."

आता बाउक्येची यिन्के आठ वर्षांची झाली आणि तिच्या टीमचं तेच रडगाणं. शिकवणारा मिळाला नाही तर टीम बंद. पोरगी आजोबांच्या गळ्यात पडली, "तूच ये ना!" क्लबची अट एकच. पोरांबरोबर काम करायचं तर सरकारकडून चारित्र्याचा दाखला आणायचा.

"झालं," वीब्रन म्हणाला. "संपलं सगळं."

"अर्ज तर कर!"

"आणि नकार आला तर? यिन्केला काय सांगू, आजोबा चोर आहे म्हणून?"

"ते तू तिला ती पाळण्यात असल्यापासून सांगतोयस!"

मी तडक सायकल काढली आणि नगरपालिका गाठली. काउंटरवरच्या पोरीला होडी, बूट, सगळं सांगितलं. ती हसू दाबत म्हणाली, "आजी, गुन्ह्याची नोंद वर्षानुवर्षं राहते, खरंय. पण ती काही क्लबच्या हातात देत नाहीत. दाखला देणारे बहुतेक वेळा गेल्या काही वर्षांचंच बघतात, आणि त्या गुन्ह्याचा ह्या कामाशी संबंध आहे का, ते. पोरांवर हात टाकणारा असेल तर कितीही मागे जातील. होडीचं काय घेऊन बसलात?"

क्लबने अर्ज सुरू केला. मी वीब्रनला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि बटण दाबेपर्यंत खुर्चीमागून हलले नाही. त्यानंतर पोस्टमन दिसला की हा संडासात. शेवटी मीच पाकीट फोडलं. सरकारची काही हरकत नव्हती.

आणि मग काय विचारता! "हेगच्या सरकारी साहेबांनी सगळं वाचलं, हिल्त्ये," तो मला म्हणाला, "आणि मला माफ केलं."

रविवारी त्याचा वाढदिवस होता. खुर्च्या गोलात मांडल्या, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, प्रत्येकाच्या बशीत केकचा एकेक तुकडा पडला. आता निवृत्त झालेला सीबेही होता. वीब्रनने माफीची कथा सुरू केली आणि सीबेला ठसका लागला.

"माफ कसलं करतायत! त्यांच्याकडे काही नव्हतंच."

"म्हणजे?"

"मी ते पुढे पाठवलंच नाही. पान फाडून चुलीत टाकलं."

"का?"

सीबे केककडे बघत म्हणाला, "पाठवलं असतं तर चौकशी झाली असती. दुसरा कोण, ते शोधलं असतं. दुसरा मी होतो, वीब्रन. गावात नवा होतो, मला कुणी कशात घेत नव्हतं."

"मग दारात येऊन मलाच का विचारलंस, दुसरा कोण म्हणून?"

"तू मला ओळखलंस का, ते बघायला."

वीब्रन ताडकन उठला. "इतकी वर्षं मी तुझं नाव कुणाला सांगितलं नाही!"

"तुला ते माहीतच नव्हतं!"

"म्हणून काय झालं? सांगितलं नाही ना?"

सगळे खो खो हसले. माझं मात्र डोकं फिरलं. मी सीबेच्या हातातली बशी काढून घेतली. "मेल्या, तुझ्यापायी हा माणूस जन्मभर कुंपणाबाहेर उभा राहिला! एक शब्द बोलायला तुझी जीभ झडली होती?"

"मला वाटलं, त्याला मजा येतेय," सीबे पुटपुटला. "किती रंगवून सांगायचा."

हे खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. तेवढ्यात बाउक्ये हळूच म्हणाली, "बाबा, तू आत का येत नाहीस ते मला कधी कळलंच नाही. मला वाटायचं, मी वाईट खेळते म्हणून."

कुणी हसलं नाही. वीब्रन खाली बसला. बाउक्येने त्याचा हात धरला तेव्हा माझे डोळे भरले.

मग त्याने नाक शिंकरलं. "सीबे, शनिवारी सकाळी मैदानावर ये. गोलपोस्ट उचलायला दोघं लागतात. दुसरं टोक तुझं."

"पण मग मलाही तो दाखला काढावा लागेल," सीबे म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता त्याचा. "होडीचं काही निघणार नाही ना रे?"

वीब्रनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "मी अजून तुझं नाव सांगितलेलं नाही."