टॉप मॉडेल

नवऱ्याने गाडीचं दार चौथ्यांदा लावलं, कान देऊन आवाज ऐकला आणि मान हलवली.

"बेस नको. मधलंही नको. टॉप दाखवा."

शोरूममधली मुलगी खुलली आणि दोघांना पलीकडच्या लाल गाडीकडे घेऊन गेली. बायको मात्र गाडीऐवजी नवऱ्याकडेच बघत होती. उभ्या जन्मात या माणसाने टॉपचं काही घेतलं नव्हतं. 'चार चाकं आणि एक हॉर्न, बास!' हे त्याचं ब्रीद. औषध कंपनीसाठी तीस वर्षं त्याने गावोगाव गाडी हाकली, पण स्टिअरिंग कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. एकदाच काय ते हौसेने तिला शिकवायला घेतलं, तर क्लच सोडताना तिने फाटकाचा खांब पाडला. तो वर्षभर हसत होता. तिने पुन्हा गाडीला हात लावला नाही.

गेल्या सोमवारी धुवायच्या शर्टाच्या खिशात तिला डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी सापडली. उजवा डोळा गेल्यात जमा, डावा त्याच वाटेवर. खाली ठळक रेघ मारून लिहिलं होतं, 'गाडी चालवू नये.' तो अवाक्षर बोलला नाही, मग तिलाही तोंड उघडवेना. उलट आज सकाळी म्हणाला, चल, नवी गाडी बघू.

"कॅमेरा?" त्याने मुलीला विचारलं.

"चारही बाजूंना आहे, काका. समोर कुणी आलं तर गाडी आपोआप ब्रेक लावते."

"आणि क्लच?"

"टॉपमध्ये क्लचच नाही. ऑटोमॅटिक."

"छान."

म्हणजे डोळ्यांचं काम कॅमेऱ्यावर सोपवून हा पुन्हा रस्त्यावर उतरणार! बोलावं तर चारचौघांत त्याची शोभा, न बोलावं तर उद्या कुणाच्या तरी लेकराच्या अंगावर गाडी. इकडे आड, तिकडे विहीर. तिने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"मधलं घेऊ या ना," ती कशीबशी म्हणाली. "एवढं सगळं कशाला?"

"मधल्यात ड्रायव्हरची सीट वर होत नाही."

"तुम्हाला कशाला वर हवी? डोकं छताला आपटेल."

दारातून वाकून त्याने चाचपडत सीटचा खटका शोधला, सीट पार वरपर्यंत नेली आणि दार धरून बाजूला झाला.

"बस."

"मी?"

"मग काय, मी?"

ती बसली. समोरची काच, बॉनेट, पलीकडचा रस्ता, सगळं दिसत होतं.

"पाय पोचतात?"

"पोचतात." तिने स्टिअरिंगला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "अहो, मला नाही जमायचं. या वयात..."

"मलाही नाही जमायचं," तो म्हणाला.

गाडीला वळसा घालून तो तिच्या शेजारी येऊन बसला. जन्माच्या सवयीने त्याचा हात उजव्या खांद्यामागे गेला आणि तिथे सीटचा पट्टा शोधत राहिला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमचा त्या बाजूला आहे."