समतेच्या पानावरची रेघ

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातल्या वजनखोलीत नवीन कोणी आलं की बाई पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायच्या. नोंदवहीत आकडा चुकला तर खोडायचा, पण गिरबटायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. चुकलो तर चुकलो हेही दिसू दे, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षांत शेकडो मुलांनी हे या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. अंगात मुरवलं ते एकीनंच. ती इतकी किडकिडीत आणि इतकी काटेकोर की सगळे तिला मिलिग्राम म्हणत.

बाईंच्या हाताखाली तिनं सहा वर्षं काढली, आणि आता त्याच विभागात अध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. असली जागा दहा वर्षांतून एकदा निघे. ही हुकली की पुन्हा येईस्तोवर तिची चाळिशी उलटणार होती.

निवड समितीत चौघं होती, त्यांत बाई. संशोधनाचे गुण आधीच लागले होते आणि सात क्रमांकाचा उमेदवार बाकीच्यांच्या कितीतरी पुढे होता. राहिलं होतं ते समतेचं पान. 'समतेशी माझी बांधिलकी' या विषयावर प्रत्येकानं शेजारच्या खोलीत बसून तासाभरात एक पान लिहायचं. यंत्राकडून लिहून आणतील म्हणून शाईनं, हातानं. पक्षपात नको म्हणून नावं झाकलेली. सगळी कल्पना विभागप्रमुखांची. त्यांच्या दारावर पाटीच होती, 'येथे प्रत्येक मताचे स्वागत आहे.'

सात क्रमांकाचं पान समोर आलं आणि बाईंनी अक्षर ओळखलं. पानाच्या मधोमध एक वाक्य खोडलेलं होतं. एका सरळ रेघेनं.

प्रमुखांनी चष्मा कपाळावर सरकवून नेमकं तेच मोठ्यानं वाचलं. वडील बस चालवतात आणि निवडणुकीत अमुक पक्षाचे झेंडे लावत फिरतात, मला त्यांचं पटत नाही, पण सगळ्या माणसांना सारखं वागवणारं त्यांच्याइतकं मी कुणी पाहिलेलं नाही, असं ते वाक्य होतं. पक्षाचं नाव तिनं लिहिलं होतं. विभागात ते नाव निघे ते चहाच्या वेळी, हसण्यापुरतं.

समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, खोडलंय म्हणजे मनात आहेच. त्यांच्या शेजारच्या विदुषींना घरातल्या वातावरणाची काळजी वाटली.

"खोडलेलं धरायचं नसतं," बाई हळूच म्हणाल्या.

"अहो बाई, नीट खोडलंय कुठे? आपल्याला वाचता यावं अशी सोय करून ठेवलीय." प्रमुख हसले. "तुमचा काटा तिकडे झुकत नाही ना? तपासून घ्यायला हवा."

सगळे हसले. बाईही हसल्या.

इथं असंच खोडायला शिकवतात, मीच शिकवते, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर पान कुणाचं ते कळलं असतं, आणि मग पुढचा प्रश्न बाईंनाच आला असता. त्यांनी गठ्ठ्यातलं दुसरं पान प्रमुखांकडे सरकवलं.

चार क्रमांकाच्या पानावर एकही खाडाखोड नव्हती. प्रमुखांच्याच लेखांतली वाक्यं ओळीनं मांडली होती. ते वाचताना प्रमुखांचा आवाज मऊ झाला. किती स्वतंत्र विचार आहे, असं ते म्हणाले. निर्णयाच्या कागदावर 'एकमताने' असं आधीच छापलेलं होतं. बाईंनी सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिलिग्राम वजनखोलीत आली. निकाल तिला कळला होता. ना रडली, ना कुणाला नावं ठेवली.

"बाई, मी कुठे कमी पडले? तुम्ही सांगाल ते मी मानीन."

बाई तराजूचं तबक ब्रशनं झाडत होत्या. तबक स्वच्छच होतं.

"संशोधन," त्या म्हणाल्या. "जरा तोकडं वाटलं सगळ्यांना."

मुलीनं मान हलवली. वजन घेताना हलवायची तशीच, आकडा पटल्यासारखी.

"मला कधीकधी वाटायचं तसं. पण तुम्ही कधी बोलला नाहीत."

मग ती सांगत राहिली. रंगाच्या कारखान्यात तपासणीची नोकरी चालून आली होती, त्यांना तिनं थांबवून ठेवलं होतं. आता हो म्हणून टाकते, म्हणाली. बाबा म्हणत होते, हरू नकोस, पुन्हा अर्ज कर. पण त्यांना यातलं काय कळतं?

तिनं पांढरा कोट घडी करून स्टुलावर ठेवला आणि निघाली.

"अगं," बाई म्हणाल्या.

ती दारात थांबली. वाट बघत थांबली.

"कारखाना लांब आहे का?"

"तासभर लागतो," ती म्हणाली.