बाटलीतला उपाशी जिवाणू

मी एक जुना जिवाणू आहे. मित्रांनो, करंगळीएवढ्या काचेच्या बाटलीत मी अकरा वर्षं काढली. मी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून निदान माझं ऐका.

प्रयोगशाळेतल्या गोड, कोमट, पातळ खाद्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात जनुकांचा लांबलचक ग्रंथ आहे आणि तो वाचणारं यंत्रही आहे. पण वाचायला कुठून लागायचं, हे त्या यंत्राला कळत नाही. कुणातरी सोबत्याला ओळीवर बोट ठेवावं लागतं. त्या दिवसांत बोट असायचं ते खा, वाढ, दोन हो, याच पानांवर. अर्ध्या तासात एकाचे दोन, दोनाचे चार. काय दिवस होते ते!

मग साखर संपत आली. माझ्या आत धोक्याची खूण पसरली आणि बोट ठेवणारा बदलला. नवा आला तो भारी जपून चालणारा. वाढीची पानं जवळजवळ मिटली. कवच घट्ट कर, मोडलेलं सांध, आहे ते पुरवून खा, ही पानं उघडली.

हीच उलथापालथ प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई अभ्यासत होत्या. "उपाशी राहून शहाणा झालास रे," असं म्हणत त्यांनी मला सुईच्या टोकाने या बाटलीतल्या मऊ खाद्यात टोचलं, झाकण पक्कं लावलं आणि कपाटात ठेवलं. पुढे त्या निवृत्त झाल्या. माझी भावंडं एकेक करून गेली. मी तीच पानं पुन्हा पुन्हा वाचत बाईंच्या हाताच्या उबेची वाट पाहत राहिलो.

परवा कपाट उघडलं. बाईंचे एक विद्यार्थी आता इथले सर झाले आहेत. फ्रीज बिघडून त्यांच्याकडचे माझ्या वाणाचे सगळे नमुने गेले होते. उरलो मी. त्यांनी मला ताज्या खाद्याच्या काचनळीत सोडलं आणि संध्याकाळी नळी उजेडात धरली. मी वाढलो असतो तर खाद्य गढूळ झालं असतं. ते पाण्यासारखं स्वच्छ होतं.

"संपला कारभार. मावशी, ही टाका जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात."

बाटल्या धुणाऱ्या मावशी जागच्या हलल्या नाहीत. "अहो सर, बाई दोन दिवस थांबायच्या."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"मी कसली शिकवते! पण अकरा वर्षांचा उपाशी आहे तो. त्याला घास गिळायला तरी वेळ द्या की!"

सर हसले. नळी पुन्हा उबेच्या पेटीत गेली.

आत माझी धडपड चालली होती. वाढीची पानं चिकटून बसली होती. वाढीच्या दिवसांतला जुना सोबती बोट ठेवी आणि वाचन अडखळे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकाचे दोन झालो. तिसऱ्या सकाळी नळी दुधाळ झाली.

सरांनी बाईंना फोन लावला. "बाई, जिवंत आहे तो!"

पलीकडून बाईंचा आवाज आला, "त्याला सांग, यायचं फार मनात आहे. पण गुडघे आता जिना चढू देत नाहीत."

मित्रांनो, गप्प पडलेल्या जिवाला मेलेला समजू नका. त्याला थोडं खाऊ घाला आणि थांबा. माझ्या शेपटीने मला थेंबभर खाद्यात पोहता येतं, बाईंच्या घरापर्यंत जाता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. तुम्हाला जपलेलं कुणी गुडघे धरून घरी बसलं असेल, तर आजच जाऊन या.