पायाचं लग्न होत नाही

मी कुबडी बोलतेय. दचकू नका. माझं नाव काढलं की लोक आवाज खाली आणतात, जणू मी एखादा आजारच आहे. मी आजार नाही. मी फणसाच्या लाकडाची, चांगली कणखर कुबडी आहे, आणि रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून विमानाने कतारला आलेली आहे.

हाफिज सुताराने मला घडवलं तेव्हा तय्यबा पाच वर्षांची होती. पोलिओने तिचा डावा पाय नेला होता. पुढे तय्यबा वाढत गेली. मी लाकूड, मी कशी वाढणार? मग दर तीन-चार वर्षांनी तिचे बावा, म्हणजे वडील, मला हाफिजकडे न्यायचे आणि तो खाली एक तुकडा जोडून वरून पत्र्याची पट्टी ठोकायचा. असे तीन जोड माझ्या अंगावर आहेत. एकदा शिबिरात तिला अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत कुबड्या मिळाल्या, त्या तिने शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकल्या. त्या दिवशी मी फार ताठ उभी होते. एरवीही ताठच असते म्हणा.

मोठी झाल्यावर तिला सरकारकडून महिन्याला थोडे पैसे मिळू लागले. कागदावर ते अनुदान. गावात मात्र सगळे त्याला 'निराधारचा पगार' म्हणतात. हा शब्द मला पहिल्या दिवसापासून टोचतो. निराधार? मग मी कोण? अर्जाला डॉक्टरचा दाखला लागला, तलाठ्याचा दाखला लागला, माझी मात्र कुणी साधी चौकशीही केली नाही.

पण त्या पैशांनी तय्यबाची मान वर आली, हे मी जवळून पाहिलंय. रिक्षाचं भाडं, फोनचा रिचार्ज, ईदेला आईसाठी कापड, यातल्या कशासाठीही तिला भावापुढे हात पसरावा लागला नाही. रक्कम लहान होती, पण ती तिच्या नावावर होती.

कतारला आम्ही आलो ते यंदा, दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात. तिचा भाऊ इलियास इथे एका कंपनीत क्लार्क आहे. त्याची बायको जैतून बाळंत होणार होती, म्हणून नणंदेला व्हिजिट व्हिसावर बोलावलं. अल गराफा या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. बाहेर सगळं शहर लग्नघरासारखं धावपळीत होतं. जिकडेतिकडे नवे रस्ते, रंगकाम, झेंडे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट, वर्ल्ड कप.

इथली गुळगुळीत फरशी आणि तापलेले फुटपाथ माझ्या खालच्या रबरी टोपीला मानवले नाहीत. महिन्याभरात ती फाटली. मी घसरू लागले, आणि मी घसरले की तय्यबा पडते.

एका शुक्रवारी इलियासने मुदस्सिरला जेवायला बोलावलं. हा श्रीवर्धनचा फिटर. स्टेडियममध्ये व्हीलचेअरवाल्यांसाठी रॅम्प आणि रेलिंग बसवायचं त्याचं काम. माणूस आला, बसला आणि सगळ्यात आधी त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हिचा बूट फाटलाय," तो म्हणाला. पुढच्या शुक्रवारी येताना तो स्टेडियमच्या कामातला जाड काळ्या रबराचा उरलासुरला तुकडा घेऊन आला आणि जमिनीवर मांडी घालून त्याने मला नवा बूट केला. तय्यबा दारात उभी राहून बघत होती. खरं सांगते, मला थोडा मत्सर वाटला. पण बूट झकास झाला होता.

जैतूनने लगेच सोयरिकीची गाडी पुढे रेटली. "आमची तय्यबा कुणावर ओझं नाय हा. तिला पगार पण आहे."

"असं? कंच्या ऑफिसात?" मुदस्सिरने अगदी अदबीने विचारलं.

"सरकारच्या," तय्यबा म्हणाली. "काम पायाकडे आहे. तो करत नाय, म्हणून पगार."

तो इतका हसला की हातातला चहा सांडला. त्याच महिन्यात लग्न ठरलं. मुदस्सिरला रजा मिळेल तेव्हा गावी निकाह करायचा, कारण स्पर्धा जवळ आली की रजा बंद होणार होत्या. स्पर्धा संपल्यावर त्याची नोकरी राहील का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग पगाराचा विषय निघाला. लग्न झालं की नवऱ्याची कमाई धरतात, आणि नवरा कतारला म्हटल्यावर तय्यबाचं नाव यादीतून जाणार. गावच्या साजिदाचं असंच झालं होतं. डोळ्यांनी अधू पोरगी, लग्न होताच तिचे पैसे थांबले. दीड वर्षात नवरा सोडून गेला. ती परत अर्ज घेऊन गेली, तर तिला म्हणाले, नवऱ्याने सोडल्याचा कागद आणा. नवरा सापडेना, तो कागद कुठून आणणार?

इलियासकडे तोडगा तयार होता. जेवताना तो म्हणाला, "निकाह घरातच पढू. दहा माणसं. नोंदणी नको, तलाठ्याला कळवायचं नाय. कागदावर तू बिनलग्नाचीच. खलास."

मुदस्सिरचा घास हातातच राहिला. "माझी बायको निराधारच्या यादीत? लोक मना काय म्हणतील? बंद करून टाक तो पगार. मी आहे ना आधार."

एक म्हणतो लग्न लपव, दुसरा म्हणतो पैसे सोड. दोघेही तिच्या भल्याचंच बोलत होते, आणि दोघांनीही तिला विचारलं नव्हतं. मी तिच्या खुर्चीला टेकून होते. तिचा हात माझ्या मुठीवर आवळला गेला.

"इलियासभाय, चोरून काय लग्न करायचं? उद्या पोर झाला, तर त्याच्या दाखल्यावर बापाचा नाव कंच्या तोंडाने लिहू?" मग ती मुदस्सिरकडे वळली. "आणि तुमी. तुमी रॅम्प बसवता ना?"

"हां."

"व्हीलचेअरवाली बाई नवऱ्यासोबत मॅच बघायला आली, तर रॅम्प उचलून नेता काय? म्हणता काय, आता नवरा आहे, तो घेऊन जाईल खांद्यावरनं?"

आतल्या खोलीत जैतूनचं नुकतंच झालेलं बाळ रडायला लागलं, तरी जैतून जागची हलली नाही.

"नाय उचलत," मुदस्सिर शेवटी म्हणाला.

"का?"

"रॅम्प तिच्यासाठी असतो. ती कुणाबरोबर आली, ते आमी बघत नाय."

"मग माज्या पगाराचा पण तसाच. निराधार हा शब्द माजा नाय, त्यांचा आहे. माजा फक्त पाय आहे."

त्याने ताट बाजूला सारलं. मग इलियासकडे बघून म्हणाला, "भाय, एक कोरा कागद दे. ती सांगेल तसा मी लिहितो. माझं अक्षर बरं आहे."

तहसीलदार साहेबांच्या नावाने अर्ज लिहून झाला. त्यात काहीच लपवलेलं नाही. नवऱ्याचं नाव आहे, त्याचा पगार आहे, निकाहाची तारीख आहे. शेवटी तय्यबाने सांगितलेल्या ओळी आहेत: 'माझ्या नवऱ्याचं काम स्पर्धेपुरतं आहे. माझा पाय जन्मभर असाच राहणार आहे. लग्न माझं होतंय, माझ्या पायाचं नाही. तरी माझं नाव कापू नये.'

इलियास म्हणाला, "साहेब हसतील."

"हसू देत," तय्यबा म्हणाली. "हसून झाल्यावर शिक्का मारून पोच द्या म्हणेन."

उद्या आमचं विमान आहे. बॅगेत अर्जाच्या तीन प्रती आहेत. मुदस्सिर आठ दिवसांनी निघेल. मी दाराशी उभी आहे. अंगावर तीन जोड आहेत, पायात स्टेडियमचं रबर आहे.

नाव कापलं जाईल की राहील, मला माहीत नाही. साहेब, नियम तुमच्या हातात आहे. पण तय्यबाबरोबर मीही तुमच्या टेबलापर्यंत येणार आहे. तुम्ही तिला विचाराल, "नवरा आहे ना? मग आधार मिळाला ना?" तेव्हा एवढंच करा. मला तिच्या बगलेतून काढून घ्या. माझ्या जागी नवऱ्याच्या पगाराचा दाखला द्या. मग तिला म्हणा, दारापर्यंत चालत जा.

गेली, तर खुशाल नाव कापा.