नुसतं साखरेचं पाणी

रसायनशास्त्राच्या सरांना बहिणीचा फोन आला तेव्हा टेबलावर दोन चंचुपात्रं मांडून झाली होती, एकात मिठाचं पाणी, दुसऱ्यात साखरेचं. वडील बहिणीकडे असत. त्यांना आदल्या दिवसापासून जुलाब होत होते आणि अंगात त्राण उरलं नव्हतं. साखरेच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालू का, असं ती विचारत होती. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी वडिलांचं मीठ तोडलं होतं. समोर वर्ग चुळबुळत होता.

"मीठ नको. नुसतं साखरेचं दे, भरपूर दे," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग बावीस वर्षं शिकवत आले तेच त्यांनी शिकवलं. बॅटरी आणि दिवा जोडलेल्या तारा मिठाच्या पाण्यात बुडवल्या, दिवा लागला. साखरेच्या पाण्यात बुडवल्या, दिवा ढिम्म. मीठ विरघळलं की त्याचे विद्युतभारित आयन सुटे होऊन वीज वाहून नेतात, म्हणून ते इलेक्ट्रोलाइट. साखरेचे रेणू पाण्यात पांगतात, पण भार काही घेत नाहीत. दरवर्षीचा विनोदही झाला: साखर सगळ्यांशी गोड, पण कामाला हात लावणार नाही.

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, शरीरात असतात का इलेक्ट्रोलाइट? असतात तर, नसा आणि हृदय त्यांच्याच जिवावर चालतं, असं सांगता सांगता सरांना बहिणीचा फोन आठवला. वर्ग तसाच सोडून ते बाहेर आले. त्यांनी चार वेळा फोन लावला. कोणी उचलला नाही.

तीन तासांचा प्रवास करून ते बहिणीकडे पोचले तेव्हा वडील डोळे उघडे ठेवून पडले होते, पण लेकाला ओळखत नव्हते. बहीण म्हणाली, अकरा पेले पाजले, एकही वाया घालवला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं. सोडियम पार तळाला गेलं होतं. जुलाबातून क्षार गेले आणि वर नुसतं पाणी पोटात गेलं, असं त्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वडील गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बहीण एकच सांगायची: मीच कमी पडले, आणखी पाणी द्यायला हवं होतं. सर चार दिवस ते खाली मान घालून ऐकत राहिले. पाचव्या दिवशी घरात दोघंच होते.

"तू कमी पडली नाहीस," ते म्हणाले. "मीठ घालू का, असं तू विचारलं होतंस. मी नको म्हणालो. आणि त्याच तासाला वर्गात मी तेच शिकवत होतो."

"मग लगेच फोन का नाही केलास?"

"केला. तू उचलला नाहीस."

"मी बाबांचे कपडे धूत होते," ती म्हणाली.

त्यानंतर तिने स्वतःला दोष देणं थांबवलं. सरांशी ती बोलायची, नाही असं नाही. पण त्यांना 'दादा' म्हणून हाक मारायची, ती कायमची बंद झाली.