तिघांत एक धवला

बनूबाईंचं वजन एका रात्रीत पाच किलो उतरलं आणि आमची चोरी पकडली गेली.

बदलापूरच्या आमच्या वृद्धाश्रमात हृदय थकलेले आम्ही तिघं. बनूबाई, शंकरराव आणि मी, शीला, उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात जन्मभर जीन्सला बटणं लावलेली. रोज चहाच्या आधी नर्स सोनिया आम्हाला काट्यावर उभं करते. वजन एकदम वाढलं की समजायचं, अंगात पाणी साचतंय. मग डॉक्टर येणार, औषध वाढणार आणि बाहेर जाणं बंद होणार.

आणि बनूबाईंना तर नातीच्या, तेजलच्या, हळदीला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, गायचं होतं. आगरी लग्नात धवलारणीनं धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायल्याशिवाय हळदीला रंग नाही, आणि त्यांच्या गावात जुने धवले येणारी ही एकटीच उरलेली. त्यात लग्नघरच्या बायका आमंत्रणाला आल्या त्या पिशवीभर खारी सुकी मासळी घेऊन. डॉक्टरांनी मीठ तोडलेलं, पण बाईंनी उशीखाली ठेवून सगळी फस्त केली. मला एक तुकडासुद्धा नाही! पाय सुजले तेव्हा बाईंनी युक्ती काढली. काट्यावर चढताना आधाराला शंकररावांचा हात धरायचा आणि रावांनी हळूच वर रेटायचं. त्या दिवशी राव जरा जास्तच जोशात आले.

"आजी, एका रात्रीत पाच किलो? कुठलं डाएट, मला पण सांगा ना," सोनिया म्हणाली. मग तिनं मागे बघितलं. "आणि आजोबा, वजन आजीचं, धाप तुम्हाला का?"

आम्ही इतके हसलो की तिघांनाही खोकला लागला. सोनियाही हसत होती. मग तिनं बनूबाईंच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरेचना, तशी तिनं डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर आले. लघवीची गोळी वाढली, पाणी मोजून मिळू लागलं. "सूज उतरली तर हळदीला जा," ते म्हणाले. "गा, पण बसून. दम लागला की थांबायचं."

"धवला मधीच तुटला तं पोरीला अपशकुन होल," बनूबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. या जहांबाज बाईला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला भडभडून आलं, आणि त्याचाच राग आला.

"रडताय काय? तुटेल तिथून मी उचलते ना!"

झाली तालीम सुरू. "शीला, तू धवला गातेस का भाजी इकतेस?" असं रोज ऐकून घेतलं. शंकररावांना नुसतं ऐकायला बसवलं होतं, कारण धवले बायकांचे. बाई आता काट्यावर दोन्ही हात वर करून उभ्या राहायच्या, पोलिसांनी धरल्यासारख्या. सूज हळूहळू उतरली.

हळदीच्या मांडवात आम्ही तिघं ओळीनं खुर्च्यांवर, मागे सोनिया. बनूबाईंनी सूर लावला. दोन ओळींवर त्यांचा दम संपला, मी उचलला. मग त्या, मग मी. शेवटच्या कडव्याला मात्र दोघींचाही श्वास एकदमच आटला. तेजलचा हळद लागलेला चेहरा आमच्याकडे वळला.

तेवढ्यात शंकरराव उठले आणि फाटक्या आवाजात त्यांनी पुढची ओळ म्हटली. अक्षर न चुकता! बायकांची हसून पुरेवाट झाली, पण त्या हसण्यातच आम्ही दोघींनी दम घेतला आणि धवला पुरा केला.

तेजल बनूबाईंच्या गळ्यातच पडली. शेजारच्या घरची एक बाई पुढे आली. "बनूआज्ये, माज्या पोरीच्या हलदीला पन तूच ये."

"मी एकली नाय येवाची," बनूबाई धापा टाकत म्हणाल्या. "आमी तिघां येव."

मला कित्येक वर्षांत कुणी कसलंच बोलावणं केलं नव्हतं. मी लगेच तारीख विचारली.