सोमवारी सांगून झालेली गोष्ट

"आता हीच गोष्ट गुजरातीत सांग हं, बेटा."

"पण तुम्हाला तर सोमवारी सांगितली ना!" सहा वर्षांच्या नयनानं पुस्तक मिटून टाकलं.

तपासायला निरुपमाताई बसल्या होत्या. तपासणाऱ्यानं सुचवायचं नाही, हा नियम. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं.

पुस्तकात एक अक्षर नाही, नुसती चित्रं. शेळी दावं तोडते, मुलगी शोधते, शेळी सापडते. सोमवारी मराठीत सांगायचं, गुरुवारी गुजरातीत. गुरुवारी नापास झालेलं मूल गुजराती शाळेच्या मंद वर्गात जायचं. बडोद्याच्या या केंद्रात निरुपमाताई बावीस वर्षं पानं उलटत होत्या.

पान एक. शेळी खुंट्याला बांधलेली.
"पछी बकरी घेर आवी," नयना म्हणाली. मग शेळी घरी आली.
शून्य.

पान चार. मुलगी रिकामं दावं घेऊन रस्त्यावर.
नयनाच्या शेळीला आई रागावली नाही. चारा घातला.
शून्य.

पान नऊ. विहीर.
नयनाच्या शेळीला दोन पिल्लं झाली. एकाला पाऊस आवडत नाही. सगळं गुजरातीत, कुठे अडखळणं नाही.

निरुपमाताईंची पेन्सिल थांबली. ऐकलेली गोष्ट त्याच माणसाला काय सांगायची? पोरगी पुढची सांगत होती.

फॉर्मच्या हिशेबात चित्राशी संबंध नाही. शून्य.

त्या आत प्रमुखांकडे गेल्या.

"चारुलताबेन, दुसऱ्या कुणाला तरी बसवा. नव्या माणसाला ती पहिल्यापासून सांगेल."

"बावीस वरसमां आजे ज दया आवी, निरुपमाबेन?"

"दया नाही. आजच कळलं."

"तो पछी जूनां बधां फॉर्म फरी भरशो?"

जुने सगळे फॉर्म पुन्हा भरायचे? निरुपमाताईंनी त्या फॉर्मच्या कपाटाकडे पाहिलं. गुरुवारी तोंड न उघडलेली मुलं. प्रत्येकापुढे त्यांच्याच अक्षरात: समज कमी.

त्यांनी शून्यं तशीच ठेवून नयनाच्या फॉर्मवर सही केली.

बाहेर पद्मा, नयनाची आई, झटकन उभी राहिली. "ताई, बोलली का हो? घरी तर तोंड बंद नसतं हिचं."

"बोलली."

"हाश! ह्यांना मकरपुऱ्याला कामावर फोन करते. सकाळपासून जीव टांगलाय त्यांचा." मग नयनाला, "ताईंना आवजो कर."

"आवजो!"

पुढची लीला. तीही सोमवारी येऊन गेलेली. खुर्चीवर बसली, पहिलं चित्र पाहिलं आणि निरुपमाताईंकडे बघून ओळखीचं हसली. बोलली काहीच नाही.

निरुपमाताईंनी नियमाप्रमाणे दोन मिनिटं वाट पाहिली, मग पेन्सिल उचलली.